गाडीवरचे रेडियम का सुटते: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

दसरा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या रेडियमच्या, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या फिल्मच्या अक्षरांच्या, दुकानांतले प्लॉटर (फिल्म कापणारी यंत्रे) रात्री उशिरापर्यंत चालू असतात. खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची असते, पाठोपाठ साखर कारखान्यांचा हंगाम उभा असतो, आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरपासून दुधाच्या टेम्पोपर्यंत प्रत्येकाला काचेवर ज्योतिबाचे किंवा अंबाबाईचे नाव, दारावर मालकाचे आणि गावाचे नाव हवे असते. दिवाळी उलटली की त्यांतल्याच काही गाड्या पुन्हा दुकानासमोर येऊन थांबतात. कुठे वेलांटीचे टोक वर आलेले असते, कुठे शिरोरेषेची कड उचललेली असते, तर कुठे अनुस्वार मुळातच गायब असतो. मालकाचे म्हणणे ठरलेले असते: ‘गम हलका होता.’ काही वेळा ते खरेही असते. परंतु चांगल्या कंपनीचा रोल वापरूनही अक्षरे सुटतात, आणि त्याची कारणे बहुधा गमात नसून गमाच्या खालच्या रंगात आणि अक्षर लावल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत असतात. त्यामुळे नवशिक्याने रोल बदलण्याआधी या दोन गोष्टींकडे बघायला शिकावे.

रेडियमचा गम फेव्हिकॉलसारखा वाळून घट्ट होत नाही. तो कायम मऊ राहणारा, दाबाने चिकटणारा अ‍ॅक्रिलिकचा थर असतो. अक्षर पत्र्यावर टेकवताच तो वरवर धरतो आणि पट्टीचा (अक्षर दाबून बसवण्याच्या सपाट पात्याचा) दाब मिळाला की रंगाच्या अतिसूक्ष्म खाचाखोचांत हळूहळू पसरू लागतो. हे पसरणे पुरे व्हायला साधारण 24 ते 72 तास लागतात आणि पूर्ण पकड त्यानंतरच येते. रंग आणि गम यांच्यामध्ये वॅक्स, धूळ, ओल किंवा हवा राहिली, तर गम रंगापर्यंत पोचतच नाही. तो मधल्या थराला चिकटतो आणि तो थर निघाला की त्याच्याबरोबर अक्षरही निघते.

आधी सुटलेले अक्षर उलटून पाहावे

दुरुस्तीला आलेल्या गाडीवरचे सुटलेले अक्षर ओढून कचऱ्यात टाकण्याची घाई करू नये. ते उलटून उजेडात धरावे, कारण दोष कुठे आहे हे त्याच्या पाठीवरून बरेचसे कळते.

पाठीवरचा गम स्वच्छ आणि चकचकीत असेल, बोट लावल्यावर अजूनही चिकटत असेल आणि पत्र्यावर त्याची काहीच खूण नसेल, तर रंगावर वॅक्स, पॉलिश किंवा सिलिकॉन होते असे समजावे. गमावर पांढरट किंवा रंगीत भुकटी बसलेली असेल, तर जुना रंग उन्हाने मेलेला आहे. तो खडूसारखा सुटतो आहे आणि गमाने फक्त भुकटीला धरले आहे. रंगाचे पोपडेच गमाला चिकटून आले असतील, तर तुमचे काम पक्के होते, खालचा रंग कच्चा होता. असे काम परत आले तर दोष रंगाऱ्याचा आहे हे पोपडे दाखवूनच सांगावे, त्याशिवाय ते कोणाला पटत नाही. याउलट फिल्म निघून आली आणि गम पत्र्यावरच राहिला, तर फिल्म जुनी झाली आहे, किंवा उन्हाने अथवा पेट्रोल-डिझेलने गम सैल झाला आहे.

एक खूण मात्र अक्षर न काढताही दिसते. अक्षराच्या चहूबाजूंनी बारीक काळी रेघ दिसत असेल, तर फिल्म आखडली आहे. फिल्म आत सरकते, तिच्या खालचा गम मूळ जागीच उघडा पडतो आणि त्यावर रस्त्याची धूळ बसून ती रेघ तयार होते. ही रेघ दिसू लागली की टोके उचलायला फार दिवस लागत नाहीत.

फिल्मची निवड

अक्षरांची फिल्म पीव्हीसीची असते आणि ती बनवण्याच्या दोन पद्धती आहेत. कॅलेंडर पद्धतीत तापवलेले पीव्हीसी रोलर्समधून दाबून आणि ताणून पातळ करतात, त्यामुळे त्यात ताण शिल्लक राहतो आणि उन्हाने तापल्यावर फिल्म आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते. कास्ट पद्धतीत पातळ पीव्हीसी सपाट कागदावर ओतून भट्टीत भाजतात. ताणण्याचा प्रश्नच येत नसल्याने ही फिल्म फारच कमी आखडते. कास्ट फिल्म साधारण 50 मायक्रॉन जाड असते, तर कॅलेंडर फिल्म 70 ते 100 मायक्रॉनपर्यंत असते. गिऱ्हाईक जाड फिल्म हातात घेऊन ‘ही मजबूत आहे’ असे म्हणते, पण गाडीच्या वळणावर पातळ कास्टच टिकते.

कॅलेंडरमध्येही मोनोमेरिक आणि पॉलिमेरिक असे दोन प्रकार येतात. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. मोनोमेरिक फिल्ममधला प्लास्टिसायझर लवकर बाहेर पडतो, काही गमात उतरून त्याला सैल करतो, आणि फिल्म कडक होऊन आखडते. दुकानाच्या काचेवरच्या पाटीसाठी मोनोमेरिक चालते. गाडीच्या पत्र्यासाठी निदान पॉलिमेरिक घ्यावी आणि वळणे, खोबणी किंवा रिव्हेट असतील तर कास्टच घ्यावी, असे माझे मत आहे. रोलच्या माहितीपत्रकात लिहिलेले आयुष्य सहसा उभ्या पृष्ठभागासाठी असते. बॉनेटवर आणि टपावर ऊन थेट पडते, म्हणून तिथे तेवढी वर्षे मिळतील असे गिऱ्हाइकाला सांगू नये.

माहितीपत्रकात गमाचा प्रकारही दिलेला असतो. पाण्यावर आधारलेल्या गमापेक्षा सॉल्व्हेंटवर (द्रावकावर) आधारलेला गम ओल जास्त सोसतो, आणि जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी कोरडी राहण्याचे दिवस मोजकेच असतात, तिथे किमतीतला हा फरक देण्यासारखा आहे. पावसाळ्यात रोल जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवू नयेत. मागचा कागद ओल खाऊन फुगतो, फिल्म लाटा धरते, आणि मग कटिंगही नीट होत नाही.

कटिंग करताना

रेडियम सुटण्याची सुरुवात पुष्कळदा संगणकावरच होते आणि देवनागरीत तर जास्तच. शब्द टाइप केल्यावर प्रत्येक अक्षराचा आपापला शिरोरेषेचा तुकडा शेजारच्या अक्षरावर थोडा चढलेला असतो. पडद्यावर तो अखंड दिसतो. फाइल तशीच प्लॉटरला दिली, तर ब्लेड प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी कापते आणि शिरोरेषेत सांध्यासांध्याला उभ्या चिरा पडतात. लावताना त्या दिसत नाहीत. महिन्याभरात प्रत्येक चिरेत धूळ शिरते आणि ‘महालक्ष्मी’ या एका शब्दाला सुटायला चार-पाच जागा मिळतात. म्हणून कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरे कर्व्ह करून (टाइपचे रेषांत रूपांतर करून) वेल्ड करावीत (एकसंध जोडावीत), आणि नंतर वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात, पाहून आत एकही रेघ उरली नाही याची खात्री करावी.

टोकदार कोपरे सर्वांत आधी उचलतात, कारण टोकाखाली गम नावापुरताच असतो. वेलांटीचे टोक, रफाराची शेपटी, चौकटीचे कोपरे यांना एक-दोन मिलिमीटरची गोलाई द्यावी. लांबून ती कोणाच्या लक्षात येत नाही. तीन-चार मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा गाडीवर टाळाव्यात आणि अनुस्वाराचा ठिपका फॉन्टमध्ये असतो त्याहून थोडा मोठा करावा. ब्लेड बोथट असेल तर कड फाटल्यासारखी येते. ब्लेड फार खोल गेले तर मागचा कागद कापला जाऊन त्याचे तंतू गमाच्या कडेला चिकटतात, आणि पुढे ज्या कडेने अक्षर उचलते ती हीच असते. फिल्म कापली जावी आणि कागदावर नुसता ओरखडा उमटावा, एवढाच दाब पुरे.

प्रिंट केलेली फिल्म असेल तर इको-सॉल्व्हेंट शाई किमान 24 तास मोकळ्या हवेत वाळू द्यावी. रोल गुंडाळून ठेवला तर आतली शाई वाळत नाही. अडकलेले सॉल्व्हेंट गमात उतरून त्याला मऊ करते आणि कडा वळतात.

रंग तपासणे

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, म्हणून इथे थोडे थांबावे. गाडी आल्यावर मालकाला तीन प्रश्न विचारावेत: रंग कंपनीचा आहे की नंतर मारलेला? नंतरचा असेल तर केव्हा मारला? गाडीला पॉलिश, कोटिंग किंवा डिझेल कधी मारले?

कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो आणि त्याची काळजी नसते. गॅरेजमध्ये मारलेला रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पुष्कळ दिवस थिनरची वाफ सोडत राहतो. त्यावर फिल्म लावली की वाफेला वाट राहत नाही, फिल्मखाली बारीक फुगे उठतात आणि गम रंगापासून सुटतो. पूजेआधी ‘रंग आणि नाव’ दोन्ही एकाच आठवड्यात उरकण्याच्या घाईत असे सर्रास होते. चाचणी सोपी आहे. नको असलेल्या फिल्मचा तळहाताएवढा तुकडा गाडीच्या आडबाजूला लावून 24 तास उन्हात ठेवावा. फुगे आले तर मालकाला आणखी काही दिवसांनी बोलवावे. काम हातचे जाईल ही भीती असते, पण तेच काम फुकटात पुन्हा करून देणे जास्त महागात पडते.

जुन्या रंगासाठी गडद रंगाचे कोरडे फडके घ्यावे आणि पत्र्यावर जोरात एक हात फिरवावा. फडक्यावर भुकटी आली तर आधी रबिंग कंपाउंडने वरचा मेलेला थर काढावा आणि मग कंपाउंडचा तेलकटपणाही धुऊन काढावा. उसाच्या ट्रॉल्यांवर ब्रशने मारलेला ऑइल पेंट असतो, खाली गंज असतो आणि पत्रा ठिकठिकाणी ठोकलेला असतो. अशा ट्रॉलीवर कितीही महागडी फिल्म लावली तरी हंगामात भरलेला ऊस घासून घासून तिच्या कडा उचलतातच. इथे गिऱ्हाइकाला सरळ पेंटरकडे पाठवावे. ब्रशच्या रंगाला सुटणारी कडच नसते आणि उद्यमनगरच्या आसपास हाताने सुबक अक्षरे काढणारे अजूनही मिळतात.

रंग न दिलेल्या काळ्या खरखरीत प्लास्टिकचा बंपर किंवा मडगार्ड बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असते आणि त्याला साधा गम धरतच नाही. त्यासाठी जास्त पकडीच्या गमाची खास फिल्म मिळते. ती नसेल तर त्या जागेचे काम घेऊ नये. दुचाकीच्या टाकीवर झाकणाजवळ अक्षर देऊ नये, कारण भरताना सांडलेले पेट्रोल ओघळून कडेखाली शिरते. नंबरप्लेट आणि मालवाहू गाडीवरच्या परावर्तक पट्ट्या यांच्यावर काहीही चिकटवू नये. ते नियमाला धरून नाही.

पुसणे आणि वाळवणे

प्रथम साध्या शाम्पूच्या पाण्याने माती काढावी. ‘वॉश अँड वॅक्स’ लिहिलेला शाम्पू वापरू नये, तो धुता धुता वॅक्सचा थर ठेवून जातो. ट्रॅक्टर आणि ट्रकवर वॉशिंग सेंटरवाले चकाकीसाठी डिझेलचा फवारा मारतात. तो तेलकट थर नुसत्या पाण्याने जात नाही, त्यासाठी भांडी घासण्याचे द्रव साबण पाण्यात घालून दोनदा धुवावे लागते.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि स्वच्छ पाणी एक भाग असे मिश्रण घ्यावे. एका फडक्याने ते लावावे आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसावे. ही दोन फडकी महत्त्वाची आहेत. एकाच फडक्याने काम केले तर द्रव उडून जातो आणि विरघळलेले वॅक्स पुन्हा पत्र्यावरच बसते. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसणे टाळावे, कारण दोन्ही मागे तेल ठेवतात. थिनर गॅरेजच्या रंगाला मऊ करू शकतो, त्यामुळे तोही नको. पुसण्यासाठी धुतलेली सुती कापडे घ्यावीत. ज्या फडक्याने कधी काळी डॅशबोर्ड पॉलिश केला आहे, ते या कामात पुन्हा येऊ देऊ नये.

पृष्ठभाग स्वच्छ झाला की नाही हे पाण्याने कळते. स्प्रेच्या बाटलीतून साधे पाणी मारावे. पाणी पातळ चादरीसारखे पसरून सलग खाली उतरले, तर काम झाले. त्याचे थेंब होऊन ते गोळीसारखे उभे राहिले, तर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग अजून आहे. वॅक्स पुन्हा पुसून जाते. सिरॅमिक मात्र अल्कोहोलने जात नाही, ते त्या पट्ट्यापुरते पॉलिशिंगने घासूनच काढावे लागते, आणि त्यासाठी मालकाची परवानगी आधी घ्यावी.

वाळवताना नवशिका एका ठिकाणी हमखास फसतो. दाराचा पत्रा कोरडा दिसतो, अक्षर बसते, पट्टी फिरते, आणि तासाभराने काचेच्या रबरी बीडिंगमधून साचलेल्या पाण्याची एक रेघ निघून सावकाश शिरोरेषेवर उतरते व कडेखाली झिरपते. म्हणून धुतल्यावर दार दोन-चार वेळा उघडमीट करावे, बीडिंग, हँडल आणि पत्र्याच्या सांध्यांत कंप्रेसरची हवा मारावी आणि शेवटी हीट गन (गरम हवा सोडणारे यंत्र) लांबून फिरवावी.

लावणे

काम सावलीत करावे. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हातला पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो. त्यावर गम टेकताक्षणी घट्ट धरतो, अक्षर सरळ करायला वाव राहत नाही, आणि गरम होऊन ताणली गेलेली फिल्म रात्री गार झाल्यावर आखडते. याउलट थंडीतल्या सकाळी पत्र्यावर दवाची न दिसणारी ओल असते आणि गार गम पसरतच नाही. बहुतेक फिल्मसाठी पत्र्याचे तापमान किमान 10 अंश सेल्सिअस लागते, 15 ते 30 अंशांत काम सोपे जाते. डिसेंबरात दहा-अकरा वाजल्यानंतर सुरुवात केली तर दोन्ही अडचणी टळतात.

लहान अक्षरे कोरडीच लावावीत. मोठ्या सपाट पट्ट्यासाठी पाणी मारून लावण्याची पद्धत सोयीची आहे, पण शाम्पूचे थेंब लिटरभर पाण्यात दोन-तीनच असावेत आणि पट्टीने सगळे पाणी बाहेर काढावे. आत राहिलेल्या फेसाच्या पाण्यामुळे गमाची पकड कित्येक दिवस लांबते. पावसाळ्यात ओली पद्धत टाळलेलीच बरी.

पट्टी मधून कडेकडे, एकावर एक अर्धी चढेल अशी, पुरेसा दाब देऊन फिरवावी. वरची ट्रान्स्फर टेप (कापलेली अक्षरे उचलून पत्र्यावर नेणारी चिकट टेप) स्वतःवरच दुमडून, पत्र्याला लगटून, सावकाश ओढावी. ती उभी खेचली तर टोके तिच्याबरोबर वर येतात आणि डोळ्यांना न दिसणारी ती फट पुढच्या सुटण्याचे मूळ ठरते. टेप निघाल्यावर पट्टीला मऊ कापड गुंडाळून प्रत्येक टोक पुन्हा दाबावे. या दुसऱ्या दाबाकडे घाईच्या दिवसांत सगळेच दुर्लक्ष करतात.

दाराच्या फटीवरून फिल्म ओढून न नेता ती तिथे कापावी आणि कडेपासून दोन मिलिमीटर आत ठेवावी. खोबणीत फिल्म ताणून बसवली तर ती ताठ होऊन वर उठते. तिथे कास्ट फिल्म गरम करून आत दाबावी आणि शेवटी हीट गनने 90 ते 100 अंशांपर्यंत तापवावी, म्हणजे ती आपला जुना आकार विसरते. कॅलेंडर फिल्म तापवली तरी पूर्णपणे विसरत नाही, म्हणून खोबणीवर ती वापरू नये.

पहिले तीन दिवस

इथे कोल्हापूरचा दसरा आडवा येतो. अष्टमीच्या रात्री नाव टाकायचे आणि खंडेनवमीच्या सकाळी गाडी प्रेशरने धुवायची, हा क्रम गमाला मानवत नाही. गाडी आधी धुवावी, मग नाव टाकावे आणि पूजेच्या दिवशी कोरड्या कापडाने फक्त धूळ झटकावी, असे मालकाला पावतीवरच लिहून द्यावे. पूजेचे हळदी-कुंकू अक्षराच्या कडेवर लावू नये, झेंडूचा हार चिकटपट्टीने अक्षरावर अडकवू नये. ज्योतिबाच्या चैत्री यात्रेला जाणाऱ्या गाडीवर गुलाल पडणारच. तो ओल्या फडक्याने न रगडता आधी कोरडा झटकावा, नाहीतर पांढऱ्या फिल्मच्या कडा गुलाबी होऊन बसतात.

तीन दिवसांनंतर गाडी धुवायला हरकत नाही. प्रेशरचा नळ किमान एक फूट लांब ठेवावा, फवारा रुंद असावा आणि पाणी अक्षरावर समोरून पडावे. तिरका बारीक झोत कडेखाली शिरतो आणि चांगले बसलेले अक्षरही एका दमात उचलतो.

टोक उचललेच तर

उचललेले टोक बोटाने दाबून देऊ नये. त्याच्या गमावर धूळ बसलेली असते आणि ते संध्याकाळपर्यंत पुन्हा वर येते. खाली फेव्हिक्विक सोडणे तर मुळीच करू नये, कारण पुढे ते काढताना रंगच निघतो. तेवढे अक्षर हीट गनने कोमट करून, कमी कोनात सावकाश ओढून काढावे. राहिलेला गम अल्कोहोलने किंवा गम काढण्याच्या द्रवाने पुसावा आणि वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या त्या एका अक्षरासाठी पुन्हा कराव्यात. जुन्या गाडीवर अक्षराखालचा रंग आजूबाजूच्या रंगापेक्षा गडद दिसेल. उन्हाने फिकट न झालेला तो मूळ रंग असतो, हे मालकाला आधीच सांगून ठेवावे. नवे अक्षर त्याच आकाराचे, त्याच जागी बसले तर फरक झाकला जातो, म्हणून प्रत्येक कामाची कटिंग फाइल गाडीच्या नंबरने जपून ठेवावी आणि तिच्यासोबत फिल्मची कंपनी, रंगाचा क्रमांक आणि त्याच रोलचा एक लहान तुकडा पाकिटात घालून ठेवावा.